व्हिडिओ सगळे बघून झाले, तरी पेपरात का येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: वय 22, जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कंपनीत पाळीवर काम. बारावीनंतर चार वर्षं शिक्षण सुटलं होतं, आता ऑनलाइन बी.कॉम.चं दुसरं सत्र चालू आहे. सोबत एनपीटीईएलचा (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचा मंच) बारा आठवड्यांचा एक निवडीचा विषय. चौघांत एक रूम. ‘व्हिडिओ सगळे बघतो, वहीही पूर्ण आहे, तरी पहिल्या सत्रात अकाउंट्स राहिलं. वेळापत्रक बनवलं की पाळी बदलते. इंग्रजी जड जातं. लॅपटॉप घ्यावा का?’

भाऊ, ‘व्हिडिओ सगळे बघतो’ हे तुम्ही मेहनतीचा पुरावा म्हणून लिहिलंय. खरी अडचण त्याच वाक्यात आहे.

मी जिल्ह्यातल्या एका अभ्यासकेंद्रावर बरीच वर्षं बाहेरून शिकणाऱ्यांना हिशेब शिकवतो. कापूस वेचून येणारी पोरं, दुकानावर बसणारे, अंगणवाडीतल्या ताई, लग्नानंतर पुन्हा पुस्तक हातात घेतलेल्या सुना, असे सगळे येतात. पूर्वी ही मंडळी ‘पुस्तक वाचायला वेळ मिळाला नाही’ म्हणायची. आता म्हणतात, ‘सर, सगळं बघून झालंय.’ निकाल मात्र तोच. व्हिडिओ बघण्यात आळस नसतो. उलट कामावरून थकून येऊन तासभर स्क्रीनकडे बघत बसायचं म्हणजे कष्टच. फक्त ते कष्ट भलत्या जागी पडतात.

होतं असं की शिकवणारे सर पंचवीस वर्षं तेच गणित सोडवत असतात. त्यांचा हात सरसर चालतो, पुढची ओळ तुमच्याही डोक्यात येते, मान डोलते. समजतंय असं वाटतं आणि तेवढ्या वेळेपुरतं ते खरंही असतं. पण समोर दिसलेलं ओळखणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर स्वतः काढणं वेगळं. आईला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना तुम्ही जन्मभर बघितलंय. उद्या पीठ पुढ्यात ठेवलं तर पहिली भाकरी कशी निघेल, तुम्हीच सांगा.

हे नुसतं माझं मत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा वाचला आणि पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकदा वाचला आणि मग तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्यानंतर घेतली तेव्हा चित्र उलटं झालं: पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते, तीन-चार महिन्यांनी असते. दुसऱ्यांदा बघितल्यावर ‘आता पक्कं झालं’ असं जे वाटतं, ते त्या पहिल्या पाच मिनिटांचं वाटणं असतं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की व्हिडिओला तुमच्या वेळेतला तिसरा हिस्सा द्या. उरलेले दोन हिस्से व्हिडिओ बंद करून, वहीवर. बाकीचं सगळं हे जमवायचं कसं याबद्दल आहे.

तुमचं अकाउंट्स राहिलंय, तर तिथलंच उदाहरण घेऊ. घसाऱ्याचा पाठ, म्हणजे वापरामुळे वस्तूची किंमत दर वर्षी जेवढी उतरते त्याचा हिशेब. 1 ऑक्टोबरला 1,00,000 रुपयांचं यंत्र घेतलं, घसारा दरसाल 10 टक्के, दर वर्षी उरलेल्या शिल्लकीवर, आणि हिशेबाचं वर्ष 31 मार्चला संपतं. सर हे पाच-सात मिनिटांत फळ्यावर उतरवतात. आता व्हिडिओ थांबवा, मोबाइल पालथा ठेवा आणि तीन वर्षांचं यंत्र खातं स्वतः काढा. माझ्याकडे बसलेले निम्मे लोक पहिल्याच वर्षी 10,000 लिहितात. यंत्र सहाच महिने वापरलंय, म्हणजे 5,000. हे फळ्यावर बघताना सगळ्यांना पटलेलं असतं, पण पेन हातात आलं की सुटतं. त्यातून वाचलेले दुसऱ्या वर्षी अडकतात. मूळ किमतीवर 10,000 लावतात. लावायचं असतं 95,000 वर, म्हणजे 9,500. शिल्लक 85,500. तिसऱ्या वर्षी 8,550, शिल्लक 76,950. आकडे जुळले तरी तिथे थांबू नका. प्रश्न स्वतःच बदला: तेच यंत्र तिसऱ्या वर्षी 30 सप्टेंबरला 80,000 ला विकलं तर? सहा महिन्यांचा घसारा 4,275, त्या दिवशीची पुस्तकी किंमत 81,225, म्हणजे 1,225 रुपये तोटा. पेपरात येतो तो हा बदललेला प्रश्न. व्हिडिओतलं गणित जसंच्या तसं पेपरात आलेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

चुकलात तर लगेच व्हिडिओकडे धावायचं नाही. आधी दोन मिनिटं डोकं खाजवा, कुठे अडलं ते वहीत एका ओळीत लिहा, मग फक्त तेवढाच तुकडा उघडून बघा. हे दोन मिनिटांचं अडणं फार कामाचं असतं. नंतर दिसलेलं उत्तर लक्षात राहतं ते त्या अडण्यामुळे. पोरं नेमकं तेच टाळतात, कारण अडल्यावर आपण ढ आहोत असं वाटायला लागतं. तसं काही नसतं.

थिअरीच्या विषयातही रीत तीच. पाठ संपला की वही बंद, कोऱ्या पानावर पाच-सात मुद्दे आठवून लिहायचे, मग पुस्तकाशी ताडून सुटलेले मुद्दे दुसऱ्या रंगाने भरायचे. दुसऱ्या रंगात जेवढं लिहिलं तेवढाच अभ्यास अजून बाकी. काळ्यात लिहिलेलं सोडून द्या, ते तुम्हाला येतं.

वहीबद्दल एक बोलतो. ‘वही पूर्ण आहे’ म्हणजे बहुधा स्लाइडवरचं जसंच्या तसं उतरवलेलं असणार. व्हिडिओ थांबवायचा, लिहायचं, चालू करायचा, पुन्हा थांबवायचा. वीस मिनिटांच्या पाठाला तास जातो आणि हात दुखतो तो वेगळाच. स्लाइड पीडीएफमध्ये मिळते, ती उतरवून काय मिळालं? पानाच्या डावीकडे चार बोटं समास सोडा. उजवीकडे स्वतःच्या भाषेत मोजक्या ओळी, डावीकडे त्या ओळींवरून पडणारा प्रश्न: ‘सहा महिन्यांचाच घसारा का?’, ‘विक्रीच्या वर्षी घसारा किती?’ पुढे उजळणीच्या वेळी उजवी बाजू हाताने झाकायची आणि डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या नावाने ही पद्धत जगभर शिकवली जाते; तुम्हाला त्यासाठी फुलस्केप वहीपलीकडे काही लागणार नाही. अधोरेखन, रंगीत हायलायटर वगैरे करायचं तर करा. पान छान दिसतं.

उजळणी एकदम करू नका. आज केलेला पाठ परवा दहा मिनिटं, मग आठवड्याने, मग महिन्याने. हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेलं पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वांत वेगाने गळतं, पुढे गळतीचा वेग कमी होतो. म्हणून परवाची दहा मिनिटं ही परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या दोन तासांपेक्षा स्वस्त पडतात.

आता पाळीचं. तुमचं वेळापत्रक टिकत नाही, कारण तुम्ही ते वारांवर बनवता. ‘सोमवारी अकाउंट्स, मंगळवारी इकॉनॉमिक्स’ हे कॉलेजात जाणाऱ्या पोरांचं वेळापत्रक आहे. तुमचा सोमवार दर आठवड्याला वेगळा असतो. तेव्हा पाळीवार तीन वेगळी वेळापत्रकं करा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

दुसऱ्या पाळीचा आठवडा, दुपारी तीन ते अकरा, हा तुमचा सोन्याचा आठवडा. रात्री बाराला झोपलात तरी सकाळी साडेसातला डोकं ताजं असतं, रूम पार्टनर कामावर किंवा झोपेत, आणि पत्रे तापायला अजून वेळ असतो. आठ ते दहा. जड विषय, नवे पाठ, गणितं, सगळं इथे घाला. पहिल्या पाळीत, सात ते तीन, तुम्ही चारला रूमवर येता. तेव्हा बसायचा हट्ट धरू नका. अर्धा तास पडा, चहा घ्या, आणि पाच ते साडेसहा बसा. त्यात निम्मा वेळ गेल्या आठवड्याची उजळणी आणि निम्मा वेळ स्वाध्याय.

रात्रपाळीच्या आठवड्यात नवा पाठ घेऊच नका. सकाळी सातला सुटल्यावर ‘डोकं जागंच आहे, तासभर बसून घेतो’ असं पोरं करतात. बसतात, बघतात, आणि संध्याकाळी विचारलं तर कोरं. शिकलेलं डोक्यात बसतं ते झोपेत, आणि तुमची झोप आधीच तोकडी. एप्रिल-मे मध्ये तर जळगावात दुपारी पारा 44-45 च्या घरात जातो, पत्र्याच्या खोलीत अकरानंतर कूलरही नुसती गरम हवा फेकतो. तेव्हा आल्या आल्या झोपा. संध्याकाळी सहा ते सात एवढाच एक तास, त्यात फक्त वहीचा डावा समास. आठवडाभर नवीन काही झालं नाही म्हणून मन खाऊ देऊ नका. तीन आठवड्यांचा हिशेब एकत्र बघा.

सुट्टीच्या दिवशी गावी जात असाल तर तिथे अभ्यास होईल असं धरू नका. गावी गेलं की शेत आहे, विहिरीवरची मोटार बघायला जायचं आहे, कुणाचं तरी काम आहे, आणि मोबाइलकडे बघत बसलात की ‘काय करी ऱ्हायना रे?’ हा प्रश्न ठरलेला. त्यातही एक काम निघतं, ते खाली सांगतो. सत्राच्या सुरुवातीला घरच्या वर्षाचीही खूण करून ठेवा: श्रावणात कानबाईचा सण, दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणी, मग लग्नसराई, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवसांवर आधीच काट मारा. कानबाईच्या रोटांच्या दिवशी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसणारा पोरगा अभ्यासही करत नाही आणि रोटही धड खात नाही.

चौघांच्या रूममध्ये लाजायचं काही नाही, पण भांडायचंही नाही. गाणी, क्रिकेट, रील्स हे चालणारच. जळगावात स्पर्धा परीक्षावाल्यांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, महिन्याच्या फीवर खुर्ची मिळते, पंखा आणि वायफाय असतं. सगळे महिने परवडत नसतील तर परीक्षेच्या आधीचे दोन महिने तरी घ्या. तिथे वायफायवर पुढच्या आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घ्या म्हणजे रूमवर डेटा जळणार नाही आणि लाइट गेली तरी अडणार नाही. तुम्ही शहरात आहात म्हणून हे सोपं आहे. अक्कलकुवा, धडगावकडच्या पोरांना रेंजसाठी टेकडी चढावी लागते. ती पोरं बाजाराच्या दिवशी खाली येऊन आठवड्याचे पाठ उतरवून नेतात आणि त्यांचा अभ्यास कित्येकदा शहरातल्यांपेक्षा चांगला असतो, कारण मोबाइलवर पाठाशिवाय दुसरं काही चालतच नाही.

त्यावरून तुम्हीही एक करा. पाठ बघताना एअरोप्लेन मोड. ज्या मोबाइलवर वर्ग भरतो त्याच मोबाइलवर मित्रांचा कट्टाही भरतो, ही ऑनलाइन शिक्षणाची सर्वांत मोठी गोची आहे. उतरवलेल्या व्हिडिओला नेट लागत नाही.

व्हिडिओ कसा बघायचा तेही सांगतो. तासाचा पाठ सलग बघू नका. 2014 मध्ये एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावरच्या लाखो व्हिडिओ सत्रांचा अभ्यास झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असो, लोकांचं बघणं साधारण सहा मिनिटांच्या आसपासच टिकतं असं त्यात दिसलं. तेव्हा दहा मिनिटांचा तुकडा, थांबा, दोन ओळी आठवून लिहा, पुढचा तुकडा. वेग वाढवायला हरकत नाही. 2021 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा दुप्पट वेगापर्यंत समजण्यात फारसा फरक पडला नव्हता. मात्र ते लोक आपल्या सवयीच्या भाषेत ऐकत होते. तुम्हाला इंग्रजी जड जातं, तर मराठीतला पाठ दीड पटीने आणि इंग्रजीतला साध्या वेगाने बघा. वाचलेला वेळ गणितांना द्या, दुसऱ्या व्हिडिओला नको.

लाइव्ह तासाला नुसतं जॉइन होऊन मोबाइल चार्जिंगला लावून झोपणारे पुष्कळ आहेत. हजेरी लागते, बाकी काही लागत नाही. तासाला एक प्रश्न चॅटमध्ये टाकायचाच असा नेम ठेवा. प्रश्न टाकायचा म्हटलं की ऐकावं लागतं.

इंग्रजीची भीती खरी आहे, पण तुम्ही तिला जरा जास्तच भाव देताय. संकल्पना मराठीत समजून घ्या. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून अशाच बाहेरून शिकणाऱ्यांसाठी मराठीत पुस्तकं काढतंय. वाणिज्याची त्यांची पुस्तकं आमच्या केंद्रावरच्या कपाटात आहेत, तुमच्या जवळच्या केंद्रावरही मिळतील. घसारा, तरतूद, ताळेबंद हे एकदा मराठीत पक्कं झालं की त्याच पाठातले इंग्रजी शब्द समोर लिहून काढा. एका विषयाला साधारण शंभरेक शब्द पुरतात, तेच तेच फिरून येतात. एनपीटीईएलच्या पाठांचा लिखित मजकूर मिळतो, आणि बऱ्याच पाठांचा मराठीतही. ऐकण्याआधी तो वाचून घेतलात तर सरांचे उच्चार अडत नाहीत. पण परीक्षा ज्या भाषेत आहे त्या भाषेत दर आठवड्याला एक उत्तर लिहायचंच. समजणं मराठीत झालं तरी लिहिण्याचा सराव इंग्रजीतच व्हायला हवा.

आणि मघाशी म्हटलं ते गावचं काम हे. सुट्टीला घरी गेलात की आठवड्यात शिकलेली एक गोष्ट घरच्यांना अहिराणीत समजावून सांगा. पुस्तकातली वाक्यं तिथे चालत नाहीत, म्हणून घोकलेलं आणि समजलेलं यातला फरक लगेच उघडा पडतो. वडिलांनी घेतलेल्या ट्रॅक्टरची किंमत दर वर्षी का उतरते आणि हिशेबात ती कशी उतरवायची, हे सांगून बघा. ते जे उलटे प्रश्न विचारतील ते कुठल्याही प्रश्नसंचात नसतात. ‘मग दुरुस्तीला लावलेला पैसा कुठे गेला?’ एवढा एक प्रश्न आला तरी अर्धा धडा डोक्यात फिरतो.

सोबत्यांचा विषय निघाला म्हणून: शंभर-दोनशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अवलंबून राहू नका. तिथे सकाळी गुलाबाची फुलं येतात आणि संध्याकाळी कुणाच्या तरी पीडीएफ. दोघे किंवा तिघे शोधा, आठवड्यातून एकदा अर्धा तास फोनवर एकमेकांना प्रश्न विचारायचे, बस. तुमच्यासारखाच पाळीवाला मिळाला तर उत्तम, रात्री अकराला सुटल्यावरही तो फोन उचलेल.

अलीकडे पोरं स्वाध्याय एआयकडून लिहून घेतात. स्वाध्यायाचे गुण मिळतील, पेपरात तो शेजारी नसेल. वापरायचाच तर उलटा वापरा: धडा सांगा आणि ‘मला दहा प्रश्न विचार, उत्तर मी देईन’ म्हणा. हिशेबाचे आकडे मात्र त्याच्यावर सोडू नका, स्वतः पडताळा.

एनपीटीईएलच्या विषयाचं गणित वेगळं आहे, ते नीट समजून घ्या. बारा आठवड्यांच्या कोर्सला दर आठवड्याला स्वाध्याय असतो आणि बारांपैकी सर्वांत चांगले आठ धरतात. त्यांची सरासरी 25 गुणांची, परीक्षा 75 गुणांची. स्वाध्यायात 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30, दोन्ही वेगवेगळे मिळवावे लागतात; एकात भरघोस आणि दुसऱ्यात कमी असं चालत नाही. ‘चार सोडले तरी चालतात’ हे कळलं की पोरं पहिलेच चार सोडतात. तुम्ही ती सूट रात्रपाळीच्या आठवड्यांसाठी राखून ठेवा, तुमच्याकडे बारा आठवड्यांत तसे चार आठवडे येणारच आहेत. दुसरं, कोर्सला नाव नोंदवणं म्हणजे परीक्षेला बसणं नव्हे. परीक्षेची नोंदणी वेगळी, फी वेगळी, तिची तारीख वेगळी, आणि परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते. सगळा कोर्स करून ही तारीख चुकवलेली पोरं दर वर्षी भेटतात, त्यांना धीर द्यायला माझ्याकडे शब्द नसतात. केंद्र निवडताना आणि रजा टाकताना पाळीचं बघून घ्या. सुपरवायझरला महिनाभर आधी सांगितलं तर बहुधा पाळी बदलून देतात, आदल्या दिवशी सांगितलं तर नाही.

तारखांचा विषय रटाळ आहे, पण त्याने जेवढी वर्षं वाया जातात तेवढी अवघड विषयाने जात नाहीत. सत्राच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या तारखा एका कागदावर घ्या: स्वाध्याय, परीक्षा अर्ज, फी, प्रात्यक्षिक असेल तर ते. प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधीची तारीख ही तुमची खरी शेवटची तारीख. शेवटच्या रात्री साइट रडते, पीडीएफचा आकार मोठा म्हणून चढत नाही, लाइट जाते. तिन्ही एकदम झालेलं बघितलंय. सबमिट केल्यावर पोच दिसते तिचा स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच मेल करून ठेवा.

आणखी एक कागदी काम. तुमचे क्रेडिट्स, म्हणजे विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात जमा होतात, तिचं खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि आधारवरचं नाव विद्यापीठातल्या नावाशी जुळावं लागतं. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, मधलं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं अक्षर, हा घोळ घरोघरी आहे. आत्ता सुट्टीत निस्तरा, निकालाच्या वेळी गर्दीत नको.

राहिलेलं अकाउंट्स आणि चालू सत्र एकत्र कसं ओढायचं, हेही तुमच्या मनात असेलच. राहिलेला विषय सुट्टीत करू म्हणून मागे टाकू नका. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रोज त्याचं एक गणित, जेवणाआधी, बाकी काही नाही. पण गणित नवं हवं. पहिल्या सत्रातल्या वहीतली जुनी गणितं पुन्हा उतरवलीत तर परत तिथेच अडकाल. मागच्या पेपरांचे प्रश्न मिळवा, वेळ लावून सोडवा, आणि कुठल्या पायरीवर पेन थांबतं ते लिहून ठेवा. दोन-तीन पेपरांनंतर कळेल की तुम्ही सगळीकडे कच्चे नाही, दोन-तीन जागीच आहात. माझा अंदाज विचाराल तर वर्षाच्या मधल्या तारखा आणि समायोजनाच्या नोंदी. बहुतेकांचं तिथेच बिनसतं.

आता लॅपटॉप. या सत्रासाठी नको. व्हिडिओ, स्वाध्याय, वाचन हे सगळं मोबाइलवर भागतं, आणि पुढच्या सहा महिन्यांत तुमचा अभ्यास लॅपटॉपने सुधारणार नाही, वहीने सुधारेल. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर आणि एक्सेल हाताखालून जायची वेळ पुढच्या वर्षी येईल, नोकरीत बढतीसाठीही ते लागेल, तेव्हा घ्या. तोवर लागलाच तर अभ्यासकेंद्राच्या संगणक कक्षात जाऊन बसा, आधी फोन करून वेळ विचारून घ्या. घ्यायच्या वेळी जुना घेतलात तरी चालेल, पण बॅटरी किती वेळ टिकते ते दुकानातच प्लग काढून अर्धा तास बघा, पक्कं बिल घ्या, आणि हप्ता ओव्हरटाइमच्या भरवशावर ठरवू नका. ऑर्डर कमी झाली की ओव्हरटाइम आधी बंद होतो.